दुसऱ्या कडव्याआधी

खालच्या मजल्यावरच्या हेस्टर ब्रॅकनबरीची
पहिली रेकॉर्ड निघाली, आणि लंडनच्या पेपरात
पाचापैकी तीन तारे पडले.
जिना चढून सांगायला आली, पायात चपला नाहीत.
‘तीन,’ म्हणाली. मला कळेना,
अभिनंदन करावं की चहा टाकावा.
चहा टाकला.

ग्रिम्सबीत डिसेंबरात चारलाच अंधारतं.
मी फ्रीमन स्ट्रीटवरच्या दुकानातून आणलेल्या पँटी
रात्री उशिरापर्यंत आखूड करत बसते.
दीड इंच, दोन इंच. इथली माणसं
दुकानात उंच असतात, घरी पोचेपर्यंत बुटकी होतात.
शिलाई साडेसहा पाउंड. चेन बदलायची तर दहा.

हेस्टर दिवसा कारखान्यात
हॅडॉकच्या तुकड्यांवर पावाचा चुरा चढवायची,
रात्री स्वयंपाकघरात, फ्रिजचं बटण बंद करून,
उसन्या माइकपुढे गायची.
फ्रिज बंद केला तिनं.
मला कधी काही म्हणाली नाही.

रेकॉर्डचं नाव ‘वेट सॉल्ट’.
मी आपलं माझ्यापुरतं ‘ओलं मीठ’ म्हणते,
बरणीच्या तळाशी बसतं ना, चमच्याला न सुटणारं, ते.

तर परीक्षणं.
लंडनवाला म्हणतो, आवाज कच्चा आहे,
पण त्या कच्चेपणाची तिला लाज नाही.
कुठल्याशा मासिकातली बाई म्हणते, समुद्र फार झाला.
(नऊ गाण्यांत समुद्र एकदाच आहे. मी मोजला.
बाकी सगळा पाऊस, पगार आणि एक डेरेक.)
गावच्या पेपरनं पानभर कौतुक केलं,
फोटो मात्र तिच्या चुलतबहिणीचा.
आणि वडील, ज्यांनी जन्मभर ट्रॉलरची जाळी सांधली,
दोनदा ऐकून म्हणाले,
गाठी चांगल्या आहेत, पोरी. मासा कुठाय?

तिसऱ्या गाण्याबद्दल लंडनवाल्यानं लिहिलंय:
‘मागे कुणीतरी विलक्षण संयमानं
ड्रमवर ब्रश फिरवत आहे. दुसऱ्या कडव्याआधी
तो ताल जवळजवळ थांबतो.
अख्ख्या रेकॉर्डमधला हा सर्वांत हुशार क्षण.’

मी चष्मा पुसला. परत वाचलं.
हेस्टर कपात बघत होती, कानाच्या पाळ्या लाल.
ब्रश कसला, बाई?
वर माझं मशीन चालू होतं.
सोनेरी अक्षरांत लिहिलंयसुद्धा त्याच्यावर: सिंगर.
हसलो मग दोघी, चहा सांडेपर्यंत.

आभारांच्या यादीत मी नाही.
विजेचं मीटर आहे, मांजर आहे, डेरेकसुद्धा आहे.
पुढच्या वेळी खरा ड्रमर घेऊ, असं लेबलवाले म्हणतायत,
मँचेस्टरला, जाड भिंतींच्या खोलीत.
घ्या की. माझं काय जातं?

मी इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढले.
तिथं चालू आवाज कुणी ऐकत नाही,
बंद पडला तर मात्र झोपलेलंही जागं होतं.

ती गेल्यावर रेकॉर्ड लावली, एकटीनंच.
तिसरं गाणं.
आणि ओळखलं, काय शिवत होते ते.
नोव्हेंबरातली, गोदीतल्या वेल्डरची जीन्स.
बाजूची चौपदरी शिवण आली की मोटर ओढत नाही.
पायावरचा भार काढायचा, हातानं चाक फिरवायचं,
एक टाका,
एक टाका,
सुई मोडू नये म्हणून दातावर दात.

तिथं गिटारही थांबलीय.
खाली, फ्रिज गप्प केलेल्या खोलीत,
हेस्टरनं श्वास धरून ठेवलाय. कान दिला तर कळतं.
शिवण पार होईपर्यंत
ती थांबलीय.

मग मी पाय दाबते,
आणि ती गाऊ लागते.